घरच्यांची संमती नाही

सर, तुम्हाला जाऊन आता अकरा वर्षं होतील. तुमच्या हयातीत मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. तशी वेळच आली नाही. तुम्ही शाळेत होतात आणि शाळा आमच्या घरामागंच होती. आता मी महिन्याच्या रजेवर नळदुर्गला आले आहे. परवा परत जपानला निघायचं आहे. आई आत माझ्यासोबत द्यायला शेंगांची चटणी कुटतेय, आणि मी बाहेरच्या खोलीत वही घेऊन बसले आहे. तिला वाटतंय मी सामानाची यादी करतेय. मला तुम्हाला एका फुटबॉलच्या हंगामाबद्दल सांगायचं आहे, आणि त्या हंगामाच्या शेवटी माझ्या हाती लागलेल्या एका कागदाबद्दल.

मी आठवीत असताना तुम्ही आमच्या शाळेत पीटीचे सर म्हणून आलात. तोवर आमच्याकडं मुलींचा खेळ म्हणजे खो-खो. तुम्ही फुटबॉल आणलात आणि मला गोलमध्ये उभं केलंत, कारण मी उंच होते आणि पळायला मंद. आपलं मैदान हायवेला लागून होतं. चेंडू जोरात बसला की सोलापूरकडून येणाऱ्या ट्रकांच्या मधे जायचा आणि सगळ्या पोरी हात वर करून रस्त्याकडेला उभ्या राहायच्या. ढाब्याशेजारी आमच्या अण्णांचं पंक्चरचं दुकान. तुम्ही त्यांच्याकडून फाटक्या ट्यूब मागून आणल्यात, त्यात वाळू भरून मला त्या दोन्ही हातांनी झेलायला लावल्यात. मी सुरुवातीला जोराचा चेंडू आला की डोळे मिटायची. एकदा तुम्ही शिट्टी फेकून माझ्याकडं चालत आलात. तुम्ही म्हणालात, "डोळं मिटलंस की तू तिथं नसल्यासारखीच. लागंल, नाकातून रगत येईल, पण बघायचं. शेवटपर्यंत बघायचं." त्या दिवशी माझ्या नाकातून खरंच रक्त आलं आणि तुम्ही माझ्या डोक्यावर बाटलीतलं पाणी ओतून म्हणालात, "हां, आता झालीस गोलकीपर." मला इतका आनंद झाला होता की मी तो ड्रेस आईला दोन दिवस धुऊ दिला नाही.

मी आपल्याच शाळेत अकरावीत असताना, लातूरच्या शिबिराआधी तुम्ही आमच्या घरी आलात ती दुपार मला अजून दिसते. राज्याच्या शालेय संघाची निवड तिथं होणार होती. तुम्ही स्वयंपाकघरातच पाट ओढून बसता, आई तव्यावरची भाकरी थेट तुमच्या ताटात टाकते, अण्णा दारात उभे, हाताचं काळं तेल पुसत. ते म्हणतात, "सर, तुमच्या भरवशावर धाडतो. तिथं तिचं आईबाप तुमीच." तुम्ही मान हलवता आणि दुसरी भाकरी मागून घेता. शिबिर चार दिवसांचं होतं. मी चांगली खेळले, हे मला तेव्हाही कळत होतं.

पंधरा दिवसांनी तुम्ही मला क्रीडा साहित्याच्या खोलीत बोलावलंत. जाळ्यांचा ढीग होता, तुम्ही स्टुलावर बसला होतात, मी उभी. तुम्ही म्हणालात, "यादीत तुझं नाव न्हाय." मग जरा थांबून, "हात कमी पडत्यात म्हणले. बोटं आखूड हायेत तुझी. त्याला तू तरी काय करणार." आपल्याच संघातली राखीव गोलकीपर, संस्थेच्या सचिवांची भाची, तिची निवड झाली असं तुम्ही सांगितलंत. मी तिच्यावर रागावले नाही. माझे नडगीला बांधायचे शिनपॅड तिच्या पॅडांपेक्षा चांगले होते, ते मी तिला नेऊन दिले. तुम्ही मला नर्सिंगला जा म्हणालात आणि मी गेले. मैदानावर पुन्हा पाऊल ठेवलं नाही. कितीतरी दिवस मी वर्गात बाकाखाली हात धरून बोटं बघायची. सर, माझी बोटं आखूड आहेत हे मी पुढं तेरा-चौदा वर्षं मानलं. हातमोजे घेताना मी घालून न बघताच लहान माप मागायची.

तुम्ही गेलात तेव्हा मी सोलापूरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. बातमी कळली तशी एसटी धरून आले. बायकांच्या मागं उभी राहून मी रडले, माझे वडील गेल्यावर रडेन तशी. त्या रडण्याचं आता काय करायचं ते मला कळत नाही.

जपानला मी वृद्धाश्रमात काम करायला गेले. लहान गाव आहे, एका बाजूला समुद्र, एका बाजूला भातशेती. सकाळी म्हाताऱ्यांना उठवायचं, अंघोळ घालायची, भरवायचं. तिथली एक सहकारी रविवारी फुटबॉल खेळायची. त्यांची गोलकीपर बाळंतपणाला गेली होती, म्हणून तिनं सगळ्यांना विचारलं तसं मलाही विचारलं. मी म्हणाले, शाळेत खेळायची, पण माझे हात कमी पडतात. ती हसली आणि मला घेऊन गेली. त्यांचा संघ त्या प्रांतातल्या महिला लीगच्या दुसऱ्या श्रेणीत. तिच्या खाली काही नाही. सात संघ, वसंतापासून थंडीच्या तोंडापर्यंतचा हंगाम. आमच्या संघात बालवाडीची बाई, टपाल कचेरीतली एक, दोन लेकरांची एक आई, आणि कोच म्हणजे सुपरमार्केटात दिवसभर मासे कापणारी पन्नाशीची बाई. सामन्याआधी आपणच चुन्याच्या रेषा मारायच्या, आपला खेळ संपला की पुढच्या सामन्याला झेंडे घेऊन लाइनवर उभं राहायचं, आणि जाताना मैदानाला वाकून नमस्कार करायचा. पहिल्या दिवशी कोचनं पेटीतून हातमोजे काढून दिले. मी लहान मागितले. तिनं माझा हात आपल्या हातावर ठेवून पाहिला आणि दोन मापं मोठे दिले. ते बरोबर बसले. मला तेव्हाही शंका आली नाही. मला वाटलं जपानी मापं वेगळी असतील.

पहिला सामना आम्ही सहा गोलांनी हरलो, दुसरा तीन गोलांनी. तिसऱ्या सामन्याआधी कोचनं मला बाजूला घेतलं. तिथं माणसं सहसा तोंडावर बोलत नाहीत, पण ही बोलली. म्हणाली, "आज तू बसणार. तू चेंडू चांगला अडवतेस, पण ओरडत नाहीस. तू कुठं आहेस ते माझ्या पोरींना कळत नाही." मला वाईट वाटलं, पण घरी जाताना हलकंही वाटलं, कारण मला कारण माहीत होतं आणि ते माझ्या हातातलं होतं. पुढच्या आठवड्यात मी ओरडायला लागले. घाईत जपानी सुचेना, तर मराठीत, "माझा! सोड, माझा!" मागच्या फळीतल्या चौघींनी तो शब्द उचलला. उन्हाळा संपेपर्यंत त्या एकमेकींनाही "माझा" म्हणून ओरडत होत्या, आणि गेल्या चार सामन्यांत आम्ही एकदाही हरलो नव्हतो. शेवटच्या रविवारी जिंकलो असतो तर दुसरा नंबर, आणि दुसऱ्या नंबरापर्यंतचे संघ वरच्या श्रेणीत जातात. तिशी उलटलेल्या त्या बायका ते इतक्या मनापासून मागत होत्या की मला त्यांच्याकडं बघून शाळेतल्या आपल्या पोरी आठवायच्या.

त्याच्या आदल्या दिवशी, मी ड्युटीवरून येऊन भात लावत होते, तिचा फोन आला. शिनपॅड नेलेल्या माझ्या मैत्रिणीचा. राज्याच्या संघातून ती राष्ट्रीय स्पर्धा खेळली, त्या प्रमाणपत्रावर खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीत लागली, लातूरला असते. आमच्या जपानमधल्या संघाचा मी फेसबुकवर टाकलेला फोटो तिनं पाहिला होता. आधी बराच वेळ हवापाण्याचं बोलली. मग म्हणाली की बढतीच्या वेळी प्रमाणपत्राची पडताळणी निघाली, जुनी फाइल काढावी लागली, आणि फाइलमध्ये मूळ यादी होती. त्या यादीत गोलकीपर म्हणून माझं नाव होतं. तिचं राखीवमध्ये. खाली तुमच्या अक्षरातलं पत्र होतं, की मुलीच्या घरच्यांची संमती नाही, तरी तिच्याऐवजी राखीव खेळाडूस घ्यावे. पत्राखाली अण्णांची सही. ती म्हणाली, "मला सरांनी तवा हेच सांगितलं होतं, तुझ्या घरचे नको म्हणले म्हणून. आईची शपथ, मला खरं वाटलं. पण ते पत्र बघितलं आन् तुझे अण्णा आठवले. ते असं लिहून द्यायचे न्हाईत गं." ती रडत होती. मी तिला समजावलं. फोन ठेवला तेव्हा भात खाली लागला होता.

दुसऱ्या दिवशी मी खेळले. एक-शून्य पुढं होतो आम्ही. शेवटची दहा मिनिटं राहिली असताना डावीकडून उंच चेंडू आला. तो माझाच होता, मला स्पष्ट दिसत होता. पण माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. बालवाडीची बाई माझी हाक ऐकायची म्हणून थांबली, मी थांबले, आणि मागून आलेल्या समोरच्या संघातल्या पोरीनं डोक्यानं तो आत ढकलला. बरोबरी झाली, आम्ही तिसरे आलो. सगळ्या ओळीनं मैदानाला वाकल्या. नंतर सामान भरताना कोचनं विचारलं, काय झालं होतं. मोडक्या जपानीत मी तिला सगळं सांगितलं, तुमची खोली, माझी बोटं, यादी, सही. ती म्हणाली, "म्हणजे सतराव्या वर्षीच तू चांगली होतीस." सर, मी तिथं चुन्याच्या गोणीवर बसून रडले. मला वाटत होतं, जपानला जाऊन, वय झाल्यावर, मला कसंबसं थोडंफार जमायला लागलं. मी आधीपासून चांगली होते, हे तेवढ्या वर्षांत मला ठाऊकच नव्हतं. ठाऊक होतं ते फक्त तुम्हाला.

इथं आल्यावर मी अण्णांना सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या वेळी सरांनी सही घेतली होती का. त्यांना लख्ख आठवतंय. म्हणाले, "आले होते की दुकानावर. पोरीला न्यायचंय, हितं सही करा म्हणले. वाचून दावतो म्हणले, तर म्याच म्हणलं, तुमी लिवलंय ते बरोबरच असंल." मग त्यांनी मला विचारलं, सही तर दिली होती, मग का न्हाय नेलं तुला? चौदा वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच विचारलं. मी म्हणाले, हात कमी पडले अण्णा. दुसरं काय सांगणार होते? तुम्ही वाचून दाखवतो म्हणालात, सर. त्यांनी नको म्हटलं म्हणून सुटलात. हो म्हटलं असतं तर काय वाचून दाखवलं असतंत? सचिवांनी तुमच्यावर जोर केला असेल, नोकरीची भीती घातली असेल, हे मी शंभरदा मनात मांडून पाहिलं. तसं असतं तर मला येऊन सांगायचंत. मी शिव्या दिल्या असत्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा खेळले असते. यादीतून नाव काढलंत ते एक, पण बोटं आखूड आहेत असं का सांगितलंत? तेवढं कुणी तुमच्याकडं मागितलं नव्हतं.

काल मी तुमच्या घरी गेले होते. मैत्रिणीनं त्या पत्राचा फोटो पाठवलाय, तो फोनमध्ये उघडाच ठेवला होता. काकूंना दाखवायचं ठरवूनच गेले होते. काकूंनी चहा केला. मला ओळखलं नाही. "तू कोणत्या सालची गं?" म्हणाल्या. मी माझं नाव सांगितलं, तरी नाही. तुम्ही घरी माझं नाव कधी काढलंच नसणार. माझ्या मैत्रिणीचं मात्र पाठ होतं त्यांना, दिवाळीला येते, सरांनी तिला पार राष्ट्रीयपर्यंत नेलं म्हणाल्या. मला वाटत होतं, एवढं करून तुम्हाला काहीतरी टोचलं असेल, कधीतरी जेवताना घास अडकला असेल. तसलं काही त्या घरात नव्हतं. मी फोन हातात धरून बसले होते तेव्हा काकूंनी विचारलं, "लई जीव तोडून शिकवायचे बघ पोरींना. तुला शिकवलं का न्हाय चांगलं?" मी म्हणाले, "व्हय काकू, लई चांगलं." आणि फोन पर्समध्ये टाकला.

तुम्ही असतात, तरी हे पत्र मी टपालात टाकलं नसतं. वरचं सगळं तुमच्या तोंडावर, जाळ्यांच्या त्याच खोलीत उभं राहून बोलले असते. पण काकूंना दिलेलं उत्तर खरं होतं, एवढं मात्र तुम्हाला कळू दिलं नसतं.