दुसऱ्या हाताने उघडायचं दार

तीर्थरूप अण्णांना लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. काम तेच, सायकलवरून दुकानाची औषधं घरोघर पोचवायची.

परवा कडेला उभ्या गाडीतल्या बाईंनी मागे न बघता दार उघडलं आणि मी त्यावर आपटलो. फार काही नाही. रडल्या त्याच जास्त. दुकानमालक म्हणाला, "दार तुटलं नाही ना रे?" मग तोच दवाखान्यात घेऊन गेला.

इथे गाडी शिकवणारे मास्तर एक रीत सांगतात. दाराकडच्या हाताने दार उघडायचंच नाही, दुसरा हात आडवा नेऊन उघडायचं. त्याने अंग वळतं, मान मागे जाते आणि येणारी सायकल दिसते. बाई नेमक्या घाईत होत्या.

अण्णा, तुम्ही टेंपोचं दार लाथ मारल्यासारखं उघडता. धाकटी आता सायकलने शाळेत जाते ना? एवढी सवय लावून घ्या.

आईला वाचून दाखवताना आपटल्याचं गाळा, आणि पत्र तिच्या हातात देऊ नका. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, हे डाव्याने लिहिलंय. अक्षर बघून ती लगेच ओळखेल.

तुमचा,
भिंगऱ्या