लोहाची पेटी

अप्पा, चोळपुरमचं शेत गेलं. घेणाऱ्यानं प्लॉट पाडायचे ठरवले आणि सोमवारी माती खोदणारं यंत्र येणार होतं. ते कळल्यापासून आई धड जेवत नव्हती. "त्याचेवर पाया घालतील?" एवढंच विचारायची. त्याच्यावर म्हणजे माझ्या धाकट्या भावावर, जो बाळसं धरायच्या आधीच गेला आणि ज्याला तुम्ही एकट्यानं त्या शेतात पुरून आलात. कुठं, याबद्दल तुम्ही कधी ताकास तूर लागू दिली नाही. शेवटच्या आजारात घरी अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणालात, "कोल्हे उकरतील म्हणून लोहाचे पेटींत ठेविलों त्याला. बांधाकडे." बांध चारी बाजूंना आहेत, अप्पा.

जमिनीखालचे जुने नळ शोधणाऱ्या मैत्रिणीकडून मी मेटल डिटेक्टर मागून आणला. शेतात खिळे, नांगराचे तुटके फाळ असणार, म्हणून लोखंड वगळायची सेटिंग लावली. तुम्ही जन्मभर नाचियार्कोविलला समयांच्या पट्टरैत, ओतकामाच्या कारखान्यात, राबलात; तिथं ओतायच्या पितळेला सगळे तमिळमध्ये लोहम म्हणत. तेव्हा पेटी पितळेची, हे मी धरूनच चालले. खोलवरचं कळावं म्हणून सेन्सिटिव्हिटी पार वर नेली, तर भाताच्या ओल्या मातीत यंत्र पावलोपावली उगाच किरकिरायला लागलं. मैत्रीण फोनवर तमिळमध्ये ओरडली, कमी कर, मातीच एवढी बोलतेय तर खालचं काय ऐकू येणार! मग यंत्र त्या मातीशी जुळवून घेतलं, सेन्सिटिव्हिटी उतरवली, तबकडी जमिनीलगत धरून सावकाश फिरवली. किरकिर थांबली. पण एकेक बांध संपत गेला, रविवारची दुपार कलली, तरी काहीच नाही.

बांधावर बसून पाणी पिताना मला आपलं स्वयंपाकघर आठवतं. मी शाळकरी आहे, पितळेच्या तांब्याला लोहम म्हणते, आणि तुम्ही हातातला घास ताटात टाकता. "पट्टरैचा शब्द पट्टरैंत. घरांत लोह म्हणजे लोखंड. तुझा पणजाही तेंच म्हणे." एका शब्दापायी एवढा ओरडा! किती राग आला होता तुमचा. आणि इथंच घोडं पेंड खात होतं. लोखंडाची पेटी शोधायला आणलेल्या यंत्राला मी लोखंड ऐकू नकोस असं बजावून ठेवलं होतं. ती सेटिंग काढली आणि सगळं शेत ओरडायला लागलं. खिळ्यांचे आवाज तुटक, बारीक. पण पूर्वेच्या बांधाशी एक रुंद, सलग आवाज आला, जिथून मी सकाळीच गेले होते.

आईला बोलावून आणलं आणि खणलं; पेटीच्या झाकणाचा हातातच भुगा झाला. आत माती होती आणि काळे पडलेले चांदीचे वाळे. आईनं ते पदरात घेतले, माती झटकू दिली नाही. सगळं कोळ्ळिडम नदीत सोडून आलो. आता शेतात प्लॉटचे दगड रोवलेत.

आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, पोर शेतात ऊर फुटेस्तोवर रडली. रडले, पण नंतर. हा कागद कुठं पाठवायचा नाही म्हणून लिहिते: तो आवाज आला तेव्हा मी हसले, अप्पा. मोठ्यानं, लपाछपीत लहान भाऊ सापडावा तशी.