लॅपटॉपच्या दारावरचा वॉचमन

ती. सुवर्णाआत्यास,

शेलारहून दिपिकाचा वाकून नमस्कार. तुझ्या गुडघ्याला तेलाने काही फरक पडला का? कशेळीच्या खड्ड्यांतून रिक्षाने फिरत असशील तर पडला नसणार. इकडे आईची कंबर आणि माझा आत्मविश्वास, दोन्ही जागच्या जागी आहेत.

पत्राचं कारण म्हणजे तुझ्या दर्शनने, म्हणजे आमच्या दादाने, मला दिलेला त्याचा जुना लॅपटॉप. पाड्यांवरच्या शाळांत शिकवायच्या फेलोशिपची परीक्षा रविवारी सकाळी आहे, घरूनच, ऑनलाइन. (घरातली पहिली पदवीधर म्हणून मी गोदामाच्या ऑफिसात चिकटावं असं बाबांना वाटतं. पोरांना वाचायला शिकवणं त्याहून मोठं काम आहे, हे मी रोज जेवताना सांगते. ते म्हणतात, आमटी वाढ.) ही परीक्षा हुकली तर पुढची वर्षाने, आणि तोवर मी त्या ऑफिसात बसलेली असेन. अशात परीक्षेचं सॉफ्टवेअर म्हणालं, तुमचं सिक्युअर बूट बंद आहे, आधी चालू करा.

मी घरच्यांना समजावलं, की लॅपटॉप चालू होताना जो प्रोग्राम आत शिरतो त्याच्यावर ओळखीचा शिक्का आहे का ते सिक्युअर बूट बघतं, नसेल तर दारातच अडवतं. गोदामात मुकादमी करणाऱ्या बाबांना चटकन कळलं. "म्हणजे वॉचमन. मग झोपला कसा?" झोपला नव्हता, झोपवला होता. दादाने विंडोजच्या जोडीला हौसेने आणखी एक सिस्टिम टाकली होती. तिच्यावर शिक्का नाही, म्हणून त्याने वॉचमनलाच सुट्टी दिली. (त्याला रागावू नकोस.)

धामणकर नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप न उघडताच सांगितलं, "मॅडम, फॉर्मेट मारना पड़ेगा." म्हणजे आतलं सगळं पुसायचं. मी नाही म्हटलं, घरी आले आणि स्वतः वाचून काढलं. लॅपटॉप चालू करताच एफ-टू दाबलं की सेटिंगची पानं उघडतात. उघडली. पण सिक्युअर बूटची ओळ फिकट, हलेचना. आधी एक पासवर्ड ठेवावा लागतो, मगच ती मोकळी होते. मला वाटलं, घरात लपवाछपवी कशाला, सगळ्यांनी मिळून ठरवू. आईला कुलदेवीचं नाव हवं, बाबांना ट्रकचा नंबर आणि मीठ मागायला आलेल्या शेजारच्या जानकीबाईंना त्यांच्या नातवाचं नाव. देवी जिंकली. मी अक्षरं टाकेपर्यंत आईने ते खिडकीतून समोरच्या ठमाबाईंना ओरडून सांगितलं, आपण विसरलो तर कुणाच्या तरी लक्षात राहावं म्हणून. आता लॅपटॉप अगदी सुरक्षित आहे आणि त्याचा पासवर्ड निम्म्या शेलारला पाठ आहे.

वॉचमन जागा केला, तर लॅपटॉप उघडेचना! नुसती लाल चौकट. जानकीबाई म्हणाल्या, "कवापासून दाबतेस गं त्याला? दमलं हाय, निजू दे जरा." पण मी डगमगले नाही. दादाची ती बिनशिक्क्याची सिस्टिम रांगेत पहिली उभी होती. तिला मागे सारून विंडोजला पुढे घेतलं आणि लॅपटॉप उघडला. परीक्षेच्या सॉफ्टवेअरने हिरवी खूण दिली. (आईने त्याची दृष्ट काढली, माझी नाही.) रविवारची मला आता काडीचीही काळजी नाही.

तुझी,
दिपिका

ता. क. हिरव्या खुणेच्या खाली आणखी एक अट निघाली. पूर्ण पेपरभर कॅमेरा चालू राहणार. खोलीत दुसरं माणूस दिसलं किंवा नुसता आवाज आला, तरी पेपर बंद. आपलं घर तुला माहीत आहे. खोली एकच, आणि आईने माझ्या शेजारी बसून वारा घालायचं ठरवलं आहे. तर आत्या, रविवारी सकाळी तुझ्याकडे सत्यनारायण घाल. माझ्या यशासाठी घालते आहेस असं सांग, म्हणजे कुणी मागे राहणार नाही. जानकीबाईंनाही बोलाव. (हे फोनवर सांगितलं असतं, पण आपल्याकडे फोन स्पीकरवरच असतो.)

ता. क. २. बाबांना सगळ्यात आधी बोलाव. मला न सांगता त्यांनी रविवारची रजा काढली आहे. दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते मोठ्याने सांगणार आहेत, की गप्प बसा, आमची पोरगी परीक्षा देते आहे.