अक्षर सूनबाईचे, आनंद कोणाचा?

दि. ३ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे चार पानांचे पत्र पोहोचले. चाळीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासलेला मी. पत्र नुसते वाचत नाही, तपासतो. तुझ्या पत्रात अकरा वेळा आभार आहेत आणि चूक एकही नाही. हे दोन्ही तुझ्या स्वभावाविरुद्ध आहे. कुरकुर नाही असे तुझे एकही पत्र आजवर माझ्या हाती पडलेले नव्हते.

तुझा उजवा हात गेल्या वर्षी लुळा पडला, त्यामुळे अक्षर सूनबाईचे आहे, हे उघडच आहे. आनंद कोणाचा, हा प्रश्न आहे. हात लुळा पडल्याबद्दल तू प्रभूचे आभार मानतेस, असे दुसऱ्या पानावर आहे. हातावर पोट असलेली शिंपीण असे म्हणेल, यावर माझा विश्वास नाही. हे शब्द तुझ्या तोंडी कोणी घातले? दर गुरुवारी येणाऱ्या चर्चच्या पाळकसाहेबांनी, की हेळसांड झाकू पाहणाऱ्या सूनबाईने? शिवणयंत्र चर्चच्या सभागृहात कोणाच्या सांगण्यावरून गेले?

तू खरोखर सुखी आहेस का, ते एका वाक्यात कळव. उत्तर संदिग्ध आले, तर रविवारी येऊन तुला कायमची इकडे घेऊन येईन. प्रकृतीस जप.

तुझा,
दादा

दि. ८ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

एका वाक्यात सांगायचं तर, आहे. आता बाकीचं ऐक.

सांगते मी, लिहिते सूनबाई. चुका तीच दुरुस्त करते, कारण मामा पत्र लाल करून परत पाठवतील, अशी तिला धास्ती. तुझ्या संशयाची ओळ तिलाच मोठ्याने वाचावी लागली. आता ती लिहायची थांबली आहे. मी म्हणते, लिही गं, त्यालाही कळू दे.

यंत्र मीच दिलं. तिथे तीन मुलींना खुर्चीत बसून शिवण शिकवते. पाळकसाहेब मला घ्यायला येतात आणि सुईत दोरा ओवायला बसतात. एकदाही जमलेलं नाही.

आणि मुद्रितशोधकसाहेब, पान दोन पुन्हा काढा. "हात लुळा पडला, यात मी प्रभूचे आभार मानते," असं आहे. "यात", म्हणजे या दुखण्यात असतानाही; "याबद्दल" नव्हे. सप्तमी तूच मला कान पिळून शिकवलीस ना? हात गेल्याबद्दल आभार मानायला मी काय खुळी आहे? पहिले चार महिने मी देवाशी अबोला धरला होता, चमचा भिंतीवर फेकला होता. एका सकाळी सूनबाईने माझी वेणी घट्ट घातली. खेकसणार होते, पण तोंडातून निघालं, "बरं झालं बाई, तू आहेस." ती रडली. त्या दिवशी प्रार्थनेत पहिल्यांदा मागण्यासारखं काही सुचेना, नुसते आभारच आले. तेव्हापासून रोज एक तरी मानते, कधी दात-ओठ खाऊन. हा आनंद मिरवायचा नाही रे. कोटाच्या अस्तरासारखा आहे. वरून दिसत नाही, पण कापड धरून ठेवतो.

वहिनी गेल्यापासून नऊ वर्षं तू चर्चची पायरी चढलेला नाहीस. न्यायला येऊ नकोस, राहायला ये. लोभ आहेच, तो रागावून कमी करू नकोस.

तुझी,
धाकटी

दि. १२ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पान दोन तपासले. "यात" आहे. समोर असलेले न वाचता मनात असलेले वाचणे, हा मुद्रितशोधकाचा सर्वांत मोठा गुन्हा, आणि तो माझ्या हातून घडला. पाळकसाहेबांविषयीचे मत मी राखून ठेवत आहे.

पुढील मजकूर सूनबाईसाठी. मुली, हे तूच मोठ्याने वाचत असशील, तेव्हा येथे थांबू नकोस. मी तुझ्यावर संशय घेतला, ती माझी चूक. माझ्या बहिणीची वेणी घालतेस, त्याबद्दल मी तुझा आभारी आहे. येथे "बद्दल" जाणूनबुजून योजले आहे. हे वाक्य मी तीन वेळा लिहिले. नऊ वर्षांत मी कोणाचेच आभार मानलेले नव्हते. देवाचे मानण्यास अजून जीभ वळत नाही. सुरुवात तुझ्यापासून केली आहे. तेथून वरपर्यंत पोहोचवणे पाळकसाहेबांना जमत असेल, तर त्यांनी पाहावे.

रविवारी सकाळच्या गाडीने येतो. मुक्काम आठ दिवस. वरील वाक्य लिहून झाल्यापासून छातीवरचे काहीतरी उतरल्यासारखे वाटते आहे. या हलकेपणाचाही मला संशय येतो. पण त्याची चौकशी करण्याची इच्छा मात्र होत नाही.

दोघींचा,
दादा