‘विसर्जन’ नावाचा फोल्डर

६ ऑक्टोबर
आले एकदाची रोह्यात! मूर्तींच्या शेडच्या मागे स्वतंत्र खोली, खिडकीबाहेर भातशेती, आणि जेवण घरमालकीण गिरजाबाईंच्या हातचं. आज बोंबलाचं कालवण. लाज सोडून दोनदा भात घेतला. नोकरी हिरामणशेठांकडे. मूर्तींचे नमुने जोहे गावच्या कारखान्यातल्या संगणकावर असतात. इथलं यंत्र ते नेटवर्कवरून वाचतं आणि शाडूचे थर ओतत मूर्ती उभी करतं. या दोघांचं जमवून देणं हे माझं काम. आधी ते गिरजाबाईंचा मुलगा निकेश करायचा. शिमग्यात गडब गावाजवळ अपघातात गेला. हे सांगताना त्या मला वाढतच होत्या.

८ ऑक्टोबर
दुखणं सापडलं. जोह्याला ज्या फोल्डरचा पत्ता /कारखाना, तोच इथे जोडला की होतो /जोहे. कामाच्या यादीत मात्र तिकडचेच पत्ते. यंत्र बिचारं शोधतं, सापडत नाही, ते काम सोडून देतं. निकेश रोज हवे तेवढे पत्ते हाताने बदलायचा. घाण्याचा बैल! मी इथेही तो फोल्डर /कारखाना याच नावाने जोडून टाकला. दहा मिनिटांचं काम. हिरामणशेठ खूश.

९ ऑक्टोबर
सकाळी यंत्राच्या ट्रेमध्ये कान होता. माणसाचा. लवेसकट.

पत्ता पाहिला, तर /कारखाना/विसर्जन. जोह्याच्या कारखान्यातल्या ऋतुजाला फोन केला. ती म्हणाली, नमुना बिघडला तरी देव तो, पुसायचा कसा? म्हणून आम्ही ‘विसर्जन’ फोल्डरमध्ये सरकवतो, यादीतला पत्ताही आपोआप बदलतो. आजवर तो पत्ता इथे नव्हता, म्हणून यंत्र सोडून देत होतं. आणि कान? मी विचारलं. ती म्हणाली, स्कॅनर नवा आला तेव्हा निकेशला उभं करून तपासला होता. तो गेल्यावर ती फाईल पुसायला कुणाचा हात धजला नाही, म्हणून तीही विसर्जनात.

११ ऑक्टोबर
आज पंजा. नखांत मळ. माती गार असते, हा कोमट, घामट. उचलला तर पिवळट पाणी सुटलं. सडक्या कोलंबीचा वास. ओकले. तीनदा हात धुतले तरी जात नाही. यंत्र बंद केलं. गिरजाबाईंनी चालू केलं. पंजा पदरात घेऊन म्हणाल्या, माजा निकेश हाय, हात लावायचा नाय गो.

१३ ऑक्टोबर
त्या तुकडे जोडतात. तेल चोळतात. त्याच हातांनी मला भाकरी — शी! आज भाकरीत ओला केस. बिस्किटांवर आहे. फाईल पुसली तर म्हातारीचा मुलगा दुसऱ्यांदा जाणार, आणि या वेळी मी घालवणार. नाही पुसली तर —

१४
छाती. हलते. बुळबुळीत. गिरजाबाई त्याला पेज भरवतात. हनुवटीवरून गळते, त्या बोटाने निपटून पुन्हा तोंडात —
पाय तेवढे राहिलेत.

१५, दुपार
सकाळी पाय आले. शेडमध्ये आता कुणी नाही. लादीवर ओल्या खुणा.
पुसणार नाही. फक्त जोड तोडते. तो तिकडे राहील, मी इकडे. गिरजाबाईंना सांगितलं. रडल्या नाहीत. हसल्या.

हुकूम दिला. संगणक म्हणतो, तोडता येत नाही, फोल्डर कुणीतरी वापरतंय.
यंत्र बंद आहे. जोह्याला जेवणाची सुट्टी.
कोण वापरतंय, विचारलं.
निकेश.
कुठून —
याच कीबोर्डवरून.

डाव्या हाताने लिहितेय. उजवा कळांवरून निघत नाही. खाली मऊ काहीतरी — बोटं — माझ्यापेक्षा जास्त बोटं —