कोयत्याचा ठेका

३ ऑक्टोबर
परत तेच! फोन उचलला की आण्णांचं चालू — "आज्या, दसरा झाला. टोळी निघायला आली. मुकादमाला तुझं नाव दिलंय." मला विचारलं होतं? गेल्या वर्षी सांगितलं, औंदा सांगतो. गोव्याच्या हॉटेलात भांडी घासीन, पण ऊस तोडणार नाही.

५ ऑक्टोबर
पियानोवाला म्हातारा आला. यानुश, पोलंडचा. दर हिवाळ्यात इथंच वाजवतो. जॅझ म्हणतात त्याला. डावा हात बैलासारखा वाटेनं चालतो, उजवा उनाड पोरासारखा सगळ्या रानात! मॅनेजर म्हणतो, ओळखीची गाणी वाजवा. तो मान हलवतो आणि आपलंच वाजवतो. आवडला आपल्याला.

८ ऑक्टोबर
दुपारी हॉल रिकामा. तो वाजवत होता, मी बर्फाची बादली पुसत होतो. हात आपोआप बादलीवर — बुडात घाव, शेंड्यावर घाव, फेक. खच्, खच्, फेक. लहानपणापासून उसाच्या फडात ऐकलेलं. तो थांबला. वाटलं, आता शिव्या! तर म्हणाला, "और! और!" मग दोघं तासभर. विचारलं, किसने सिखाया? म्हणालो, उसानं. काय कळलं देव जाणे, हसला मात्र लई.

१० ऑक्टोबर
जेवणाच्या वेळी त्यानं मला बादलीसकट शेजारी बसवलं! मॅनेजर — "तू धुणारा का वाजवणारा?" म्हणालो, "दोन्ही. पगार वाढवा." पाहुण्यांनी तीन हजार बक्षीस दिलं. म्हाताऱ्यानं त्यातला रुपया घेतला नाही.
मग त्याची कथा. कोळशाच्या खाणीचं गाव. बाप म्हणाला, खाणीत उतर. हा अठराव्या वर्षी पळाला. जहाजावर वाजवलं, दारूच्या गुत्त्यात वाजवलं, पॅरिसात मोठ्या गाणाऱ्या बाईच्या मागं वाजवलं. दोन रेकॉर्डी निघाल्या. सगळा जन्म पियानोवर! बापाला हरवलं गड्यानं. मी पण आण्णांना हरवणार.

११ ऑक्टोबर
सांगून टाकलं — येत नाही. आण्णा एकदम शांत. ते शांत झाले की भीती वाटते.
"बरं. मग दिपालीला नेतो. कोयत्याला दोन माणसं लागत्यात, एक तोडाय, एक मोळी बांधाय. तुझ्या आईला आता वाकता येत न्हाई."
दिपाली माझी धाकटी. बारावी पास. नगरला नर्सिंगला नंबर लागलाय, होस्टेलचे पैसे भरले की झालं.
"धमकी देताय?"
"धमकी कसली? तू न्हाई तर ती. दुसरं कोन हाय घरात?"

१२ ऑक्टोबर
यानुशला विचारलं, तुम्ही पळालात, मग खाणीवर कोण गेलं?
"क्रिस्टिना. मेरी बहन." सरकत्या पट्ट्यावरचा कोळसा निवडायला. म्हातारी होईपर्यंत. छातीत धूळ बसून गेली. रोज पहिलं गाणं तिच्या नावानं वाजवतो म्हणे! डोळे मिटून सांगत होता.
मला राग आला. म्हणालो, "साहेब, गाणं तिनं मागितलं होतं का?"
त्याचा नुसता डावा हात चालत राहिला. मी बादली मांडीवर घेऊन बसलो. वाजवली नाही.

१३ ऑक्टोबर
वाजवणं सोडणार नाही. ऊस तोडणार नाही. मी पण नाही, ती पण नाही!

१४ ऑक्टोबर
दिपालीला फोन. "बॅग भर. टोळीचा ट्रक यायच्या आधी नगरची एसटी धर."
"अन् आण्णांसंगं कोन जाईल, दादा?"
"कुणी न्हाई. घरातली दोघं न्हाई म्हणाली, आता त्यांनी पण मुकादमाला न्हाई म्हणावं. उचल अजून घेतली न्हाई, जड जाणार न्हाई."
रडली का हसली, कळलं नाही.
महिन्याचा पगार, वर बादलीचं बक्षीस. या खेपेला आण्णांच्या नाही, दिपालीच्या खात्यावर — पंधरा हजार.