लग्नाच्या शेवया

२४ नोव्हेंबर १९४२, कर्जत

आज पोलिसांचा जमादार आला! अंगणात काठ्यांवर शेवया वाळत होत्या. त्याने एक मोडून तोंडात टाकली. "मास्तर, घरात तीन मानसं. आन् एवढ्या शेवया? त्याबी थंडीच्या?"

माझे हात पाटावरच थिजले. शेवया उन्हाळ्यात करायच्या, हे शेंबडं पोरही सांगेल. तात्या एकदम म्हणाले, "उमेचं लग्न ठरलंय."

माझं लग्न! मलाही तेव्हाच कळलं. "मुलगा कुठला?" — "पेणचा." शाळेत खोटं बोलणाऱ्याला छडी देणारे आमचे तात्या! जमादार गेल्यावर ओटीवर मटकन बसले.

२५ नोव्हेंबर

हे लिहू नये, कळतं. पण बोलू कुणाशी? ऑगस्टच्या चळवळीपासून आमचा हरीदादा रानात आहे. त्याच्या नावाचं वॉरंट निघालंय. डोंगरात भात शिजवत बसलं तर धूर लांबून दिसतो. शेवया उकळत्या पाण्यात टाकल्या की झाल्या — वर भाजलेल्या तूरडाळीचं पीठ, तिखट, मीठ. ठाकरवाडीची ठकी मोळी विकायला येते, ती जाताना टोपलीतून डबा नेते. मागे म्हणाली, "दादा बोलला, ह्या खाल्ल्या का मटनाची आठवन नाय येत."

आमच्या घरात मटण कुणी पाहिलंय! आईला हे मटणाचं सांगितलेलं नाही.

२८ नोव्हेंबर

खोटं अंगाशी आलं. आळीभर बातमी! शेजारच्या आनंदीबाई पाच सुवासिनी घेऊन गव्हले करायला हजर. नाही कसं म्हणायचं? आईने सगळ्यांना हळदकुंकू लावलं. गाणी झाली. आणि मी चिमटीने गव्हाच्या दाण्याएवढे गव्हले वळत बसले — नसलेल्या नवऱ्यासाठी!

"नवरी लाजते बघा," आनंदीबाई म्हणाल्या. लाजते कसली! भीतीने घाम फुटला होता.

ठकी मोळी टाकून अंगणात बसली होती. गाणी ऐकून हसत होती. आईने नेहमीसारखा डबा तिच्या टोपलीत ठेवला. आनंदीबाईंनी वर कौतुकाने मूठभर गव्हले घातले. "लग्नाचे आहेत गं, वाडीवर ने." एवढ्या बायकांत ठकीशी बोलता आलं नाही.

२ डिसेंबर

जमादार पुन्हा. आईने वाटीत खीर दिली. चाटूनपुसून खाल्ली आणि म्हणाला, "लग्नात नवऱ्याचा कान कोन पिळनार?"

तो मान नवरीच्या भावाचा. तात्या म्हणाले, "चुलतभाऊ येईल."

"सख्खा असताना?" तो हसला. वाटी खाली ठेवली आणि गेला.

त्याला सगळं कळलंय! आई म्हणते, उगाच काही बोलू नकोस. पण तिनेही दुपारपासून पाण्याचा घोट घेतलेला नाही. फाटकासमोर एक अनोळखी माणूस विड्या ओढत बसून आहे.

दादा लहानपणापासून म्हणायचा, "उमे, तुझ्या नवऱ्याचा कान असा पिळीन, जन्मभर एकाच कानाने ऐकेल!" तेव्हा मी रडायची.

४ डिसेंबर

तो माणूस अजून तिथेच. ठकी आली नाही. फार भीती वाटते.

५ डिसेंबर

ठकी आली. डबा परत आणला. झाकण उघडलं — शेवया तशाच! फक्त गव्हले तेवढे नव्हते.

ठकी मात्र हसत होती. कानाशी येऊन म्हणाली, "दादा बोलला, ह्या ऱ्हाऊंद्या. आता बहिनीच्या लग्नातच जेवतो. कान पिळाया मीच पायजे. काल सांजच्यालाच निघाला गं!"

लग्न खोटं आहे, हे तिला सांगायचंच राहिलं होतं.

फाटकासमोर आज दोघं बसलेत.